म्हातारी घोडी, मालक दुसरा: माया लावावी तर किती?

कडकभाकरी (धागाकर्ती)

सोलापुरात घोडेस्वारी शिकतेय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुणाच्या वरातीत?" त्यामुळे ऑफिसात सांगणं बंद केलंय, इथे लिहिते.

तुळजापूर रोडला वस्ती संपल्यावर एक छोटा तबेला आहे. मालकांची पाच-सहा घोडी, शिकायला बहुतेक शाळकरी पोरं, आणि त्यांच्यात चाळिशी ओलांडलेली मी एकटी. मला पहिल्यापासून दिलीय ती शेवंती. नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, पाठ खाली बसलेली, डोळ्यांच्या वर खळगे. वय मालक अठरा-वीस सांगतात, मोतद्दार मामा (घोड्यांची निगा राखणारे) मान हलवून "जास्तच हाय" म्हणतात. पूर्वी लग्नाच्या वरातींत होती. नवशिक्याला तिच्यावरच बसवतात, कारण ती उधळत नाही. टाच लावली तरी आधी विचार करते, मग ठरवते.

सुरुवातीला तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना कान मागे, आणि मी उतरले की तोंड भिंतीकडे. मग मी धड्याच्या बरंच आधी जायला लागले. मामांकडून खरारा करायला, म्हणजे तिचं अंग घासून साफ करायला शिकले. आता माझी गाडी फाटकातून आत आली की ती मान वर काढते. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खाजवलं की वरचा ओठ लांब करून थरथरवत राहते. घरी आल्यावरही माझ्या डोक्यात तीच.

तर प्रश्न असे. ती मला ओळखते की गाजराला? दुसऱ्याच्या जनावराला किती लळा लावावा, म्हणजे मालकांना आणि मामांना आगाऊपणा वाटणार नाही? आणि खरा प्रश्न, जो दर वेळी तोंडावर येतो आणि मी गिळते: तिला काम झेपेनासं झालं की तिचं काय होणार, हे विचारायचा मला अधिकार आहे का? नवरा म्हणतो, "विकत घे आणि मोकळी हो." आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

चादरीचा_धागा

गाजराला ओळखते. पुढचा प्रश्न.

शेंगाचटणी

नवरा भारी आहे. लिफ्ट आहे का पण?

निवृत्त_पशुवैद्य

लळ्याचं नंतर बोलू. मी "तंग आवळताना कान मागे" इथेच थांबलो.

घोडं तंगाला चिडलं की लोक त्याचा स्वभाव काढतात. म्हाताऱ्या घोडीच्या बाबतीत मी आधी दुखणं शोधतो. पाठ खाली बसली की पूर्वी नीट बसणारं खोगीर बसेनासं होतं. मधे पोकळी राहते आणि सगळा भार खांद्यामागे आणि कमरेवर येतो. धडा झाल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. घाम सगळीकडे सारखा यायला हवा. मधेच कोरडे चट्टे दिसले तर खोगीर चुकीचं बसतंय. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हलके दाबत मागे जा. एखाद्या जागी पाठ चोरते का, कातडी थरकते का, ते कळेल.

दुसरा संशय जठरातल्या व्रणांचा. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरत असतं, पोटात चारा असो नसो. मोकळं सोडलं तर दिवसाचे १६-१६ तास चरणारं जनावर आहे ते. रिकाम्या पोटी दुडकीला (संथ धावेला) घातलं की आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर उसळतं. "रपेटीआधी पोट रिकामं हवं" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पोटभर चंदी (दाणा) नको हे खरं, पण चार घास वैरण जरूर हवी.

तिसरी गोष्ट दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिमी, आणि चावून तितकेच झिजतात. विशीत गेलं की मुळात शिल्लकच कमी उरते. सोलापूरकडे प्रत्येकाच्या दावणीला ज्वारीचा कडबा, आणि कडब्याचं ताट दाढा शाबूत असलेल्या जनावरासाठी आहे. दावणीखाली चघळून टाकलेले ओले बोळे पडलेले असतात का? लिदीत लांब लांब काड्या दिसतात का? तसं असेल तर ती खातेय असं दिसतं, पण पोटात जात नाही.

मामांचं "जास्तच हाय" तपासायचं असेल तर वरच्या जबड्यातल्या सगळ्यात कडेच्या पुढच्या दातावर उभी खाच बघा. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी निम्म्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. त्यानंतर वरून पुसत जाते आणि तिशीला नाहीशी होते. अंदाजच आहे, जन्मदाखला नव्हे. आणि ओठ उचलायचं काम मामांना करू द्या.

कडकभाकरी

डॉक्टर, बोळे असतात! मामा रोज झाडून काढतात. आणि कडबा अख्खाच टाकतात. मामांनी आज ओठ उचलून दाखवला. खाच टोकापर्यंत आहे आणि हिरडीपाशी ती दिसतच नाही. मामा एवढे खूश झाले की दोनदा चहा पाजला.

आणखी एक विचारायचं राहिलं. दुडकीला घालायच्या वेळी मला भीती वाटते, मी लगाम गच्च धरते, पाय आवळले जातात. तेव्हा ही पुढे जायचं सोडून जागच्या जागी पाय उचलायला लागते. आमचे सर म्हणतात नखरे आहेत, एक चाबूक दाखवा. मला नखरे वाटत नाहीत.

हलगीवाला_बाळू

ताई नखरे न्हाईत ते. नाचलालीय ती.

आमचं घर वरातीच्या घोड्यांचं, आजोबापासनं. नाचरी घोडी तयार करताना हेच शिकवतेत की. लगाम वर धरून पुढं जाऊ द्यायचं नाही आणि खालनं टाचेनं टोचत ऱ्हायाचं. पुढची वाट बंद, मागनं ढकलणं चालू, मग जनावर पाय उचलून वरच्या वर ऊर्जा काढतं. हलगी वाजली की उचल पाय. तुमी घाबरून जे करलालाव ते तिच्या हिशोबानं "नवरदेव बसलाय, नाच" असंय. म्हातारी इमानदारीत काम करलालीय आणि तुमचे सर तिला चाबूक दाखवा म्हणतेत.

लगाम थोडा ढिला सोडा, मांड्या सैल, श्वास सोडा. बघा चालती का न्हाई.

एक गोष्ट खरी सांगतो. हे शिकवणं सगळीकडं मायेनं होत नाही. पाय बांधून, काठीनं, कसंबी करतेत. तिच्या तोंडाकडं एकदम हात नेला तर मान उडवत असंल तर त्याचं कारण तिकडं असू शकतंय. खांद्याकडनं जावा.

निवृत्त_पशुवैद्य

बाळूंना शंभर टक्के अनुमोदन. इतकं नेमकं निदान मी धागा वाचून केलं नसतं.

खांद्याकडून जाण्यामागे नजरेचंही कारण आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं. पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. समोरून कपाळावर हात नेणारा माणूस ऐन शेवटी तिच्या नजरेतून गायब होतो. शिवाय वयात मोतीबिंदूही असू शकतो. जवळ जाताना आवाज देत जा.

चादरीचा_धागा

सगळं छान. पण मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाही. घोड्याला "ही माझी ताई" असं काही वाटतं याला पुरावा काय? माझ्या काकांच्या बैलालाही काका आले की मान वर करायची सवय होती, कारण काकांच्या हातात पेंडीची पाटी असायची. माणसाला वाटतं माया, जनावराला वाटतं जेवण. यात वाईट काही नाही, फक्त आपण स्वतःची फसवणूक करू नये.

पार्क_चौक

चादरवाले, निम्मं बरोबर आहे तुमचं.

ओळखण्याबद्दल पुरावा बऱ्यापैकी आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय की घोडा माणसाचा आवाज आणि त्याचं दिसणं यांची मनात सांगड घालतो. त्याच गटाचं २०१८ मधलं काम आणखी गमतीचं आहे. घोड्यांना आधी एका माणसाचा फोटो दाखवला, कुणाला चिडलेल्या चेहऱ्याचा, कुणाला हसऱ्या. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्यानं समोर आला. ज्यांनी चिडलेला फोटो पाहिला होता ते त्याच्याकडे डाव्या डोळ्यानं जास्त बघू लागले. धोका जोखताना प्राणी असं करतात. त्या माणसाच्या हातात पेंडीची पाटी नव्हती, आणि कुठला फोटो दाखवलाय हे त्यालाही माहीत नव्हतं.

खाजवण्याबद्दल १९९३ मधला अभ्यास आहे, दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यापाशी दातांनी खाजवतात. माणसानं बरोबर त्या जागी खाजवलं तर हृदयाचे ठोके मंदावतात, दुसऱ्या जागी खाजवलं तर मंदावत नाहीत. ताईंना ती जागा आपोआप सापडलीय. मानेवर थाप मारतात ना लोक, शाबासकी म्हणून? ती आपल्यासाठी असते. घोड्याला खाजवणं कळतं.

आता तुमचं निम्मं. यातून एवढंच सिद्ध होतं की घोडी माणूस ओळखते, त्याच्याबरोबरचा अनुभव लक्षात ठेवते आणि त्याच्या स्पर्शानं शांत होते. याच्या पुढे "प्रेम" म्हणायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला स्वतःला एवढं पुरतं.

चादरीचा_धागा

फोटोचं माहीत नव्हतं. बरं. वाचतोय.

आईची_धावपळ

कडकभाकरी, तुम्ही गाजर हातानं देता का? देत असाल तर विनंती आहे, देऊ नका. माझी मुलगी अशाच एका क्लासला जायची, दुसऱ्या शहरात. तिथे एक काका रोज घोड्याला खिशातून गूळ काढून द्यायचे. प्रेमानंच. घोडा मग प्रत्येकाचे खिसे हुंगायला लागला आणि एक दिवस माझ्या पोरीच्या जॅकेटसकट पोटाचा चिमटा काढला. काका घरी गेलेले होते. बोलणी घोड्यानं खाल्ली, काळानिळा डाग पोरीच्या पोटावर.

शेवंतीवर तुमच्यानंतर आठ वर्षांचं पोर बसणार आहे. द्यायचंच तर बादलीत टाका, धडा संपल्यावर, आणि गाजर लांबट चिरून. गोल चकत्या घशात अडकतात.

निवृत्त_पशुवैद्य

+१. आणि गूळ म्हाताऱ्या घोड्यांना शक्यतो नकोच. या वयात कित्येकांना मेंदूतल्या एका ग्रंथीचा विकार होतो: अंगावर लांब कुरळे केस, उन्हाळा आला तरी झडत नाहीत, पाणी जास्त पितात. अशांना गोड घातलं की खुरांच्या आत दाह होतो, लॅमिनायटिस. घोडं पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर भार घेऊन उभं राहतं. फार यातना असतात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, संक्रांतीला लोक हौसेनं तिळगूळ चारतात, तेव्हा मामांना लक्ष ठेवायला सांगा.

हडपसरहून

पुण्यात आमच्याकडे यावर सरळ उपाय आहे. क्लासच्या घोड्याचा निम्मा खर्च तुम्ही उचलायचा, त्या बदल्यात आठवड्यातले ठरावीक दिवस तो घोडा तुमचा. मालकी मालकाचीच. कागद करायचा, विमा काढायचा. आमच्या क्लबात तर रेसकोर्सवरून निवृत्त झालेले घोडे आहेत आणि त्यांच्यासाठी रांग असते. सोलापुरात असं काही नाही का?

शेंगाचटणी

पुण्यात आमच्याकडे 🙏

तबेलेवाला_सांगलीकडचा

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो, म्हणजे मालकाच्या. माझाही छोटा क्लास आहे.

ताईंसारखं माणूस प्रत्येक तबेल्यात एक तरी असतं. खरं सांगू? असं माणूस दारात आलं की मला आनंदही होतो आणि धास्तीही वाटते. आनंद यासाठी की घोड्याला दिवसातून एक तास निवांत हात मिळतो. माझ्या मोतद्दाराला सगळ्या घोड्यांचं शेण-पाणी करायचं असतं, त्याच्याकडे खाजवत बसायला वेळ नाही. धास्ती यासाठी की महिन्याभरात तेच माणूस मला सांगायला येतं की याला कमी पळवा, त्याचं खोगीर बदला, अमक्या पोराला यावर बसवू नका, इंटरनेटवर असं असं लिहिलंय. बरोबर असतं बऱ्याचदा. पण सांगतात कसं? चार पालकांसमोर, मोतद्दाराला ऐकू जाईल अशा आवाजात. मग मोतद्दार दुखावतो, आणि मोतद्दार सोडून गेला तर घोडी उपाशी राहतात.

हिशोब ऐका. ४०० किलोच्या घोडीला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ६ ते ८ किलो. ती काम करो न करो. दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद. नालबंदही आता शोधावा लागतो, जुने गेले आणि त्यांची पोरं गॅरेजमध्ये. म्हातारी घोडी कमवते कमी, खाते तेवढंच, आणि तिला कुट्टी (बारीक कापलेला चारा), भिजवलेला कोंडा असं वेगळं करावं लागतं, म्हणजे माणसाचा वेळ. मालक दगडाचा नसतो हो. पण विद्यार्थी रडतात आणि फी भरून घरी जातात, नालबंदाचे पैसे कुणी विचारत नाही.

त्यामुळे माझं मत: अधिकार आहे का, हा प्रश्नच सोडा. विचारायचं ते विचारा, फक्त एकटे असताना विचारा, आणि रिकाम्या हातानं विचारू नका. "तिचं पुढे काय करणार?" याला मी "बघू" म्हणेन. "तिच्या नालबंदीचा खर्च मी करते, चालेल का, आणि विकायची वेळ आली तर मला आधी सांगाल का?" याला मला काहीतरी खरं उत्तर द्यावं लागेल.

विकत घेऊ नका मात्र. घोडीची किंमत हा सगळ्यात छोटा खर्च आहे. आणि एकटं घोडं एकटं ठेवणं ही शिक्षा आहे, तो कळपातला प्राणी. आहे तिथे ती जास्त सुखी आहे.

हलगीवाला_बाळू

सांगलीवाल्या मालकांनी लाखाचं बोलले.

आमच्याकडं म्हाताऱ्या घोडीला बाजार दाखवत न्हाईत असं लिहायला मला लई आवडलं असतं. पण तसं नसतंय. अकलूजच्या बाजारात, सारंगखेड्याच्या यात्रेत, देखण्या जनावराला गर्दी. कडेला अशीबी उभी असतेत, केस कापून रंगवून, दोन वर्षं कमी सांगून. तिथनं कुठं जातेत कुणी विचारत नाही. म्हणून "विकायच्या आधी मला सांगा" हे लिहूनच घ्या ताई, तोंडी नको.

माळशिरसकर

अवांतर होईल, पण "दुसऱ्याचा घोडा" म्हटल्यावर आमच्या तालुक्यातल्या माणसाला रिंगणच आठवणार.

माऊलींच्या पालखीबरोबर चालणारे दोन्ही अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. अंकली कर्नाटकात, तिथून दरवर्षी आळंदीला चालत येतात आणि मग पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, कारण तिथे माऊली बसलेत ही श्रद्धा. पुरंदावड्याला, खुडूसला रिंगण लागलं की लाखो लोक त्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्यातल्या एकाच्याही नावावर तो घोडा नाही.

माझे वडील दरवर्षी रिंगणाला जायचे आणि घरी आल्यावर "यंदा अश्व जरा थकलेला वाटला" किंवा "यंदा झकास दौडला" असं नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्यांनी त्याला कधी हातही लावला नव्हता. तेव्हा ताई, तुम्ही तर खरारा करता.

शेंगाचटणी

शेवंती भीमथडी आहे का हो? भीमेकाठचीच असेल तर आपली गाववाली.

निवृत्त_पशुवैद्य

वर्णनावरून नाही वाटत. पांढरी, गुलाबी कातडीची नुकरी घोडी बहुधा उत्तरेकडच्या रक्ताची, वरातीसाठी तिकडूनच आणतात. भीमथडी म्हणजे ठेंगणं, काटक दख्खनी तट्टू. धनगरांच्या वाड्याबरोबर भांडीकुंडी, कोकरं पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालणारं. त्या जातीला आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र नोंद मिळालीय, उशिरा का होईना. गाववाली मात्र शेवंती झालीच, इतकी वर्षं सोलापूरचं ऊन खाल्लंय तिनं.

पार्क_चौक

ताई, एक राहिलं. तुम्हाला वाईट वाटेल कदाचित. ती तुमच्यासाठी मान वर करते, मामांसाठी काय करते?

कडकभाकरी

मामांसाठी खिंकाळते. 😄 लांबून, ते दिसायच्या आधी, त्यांच्या सायकलच्या आवाजाला. मला सुरुवातीला खरंच हेवा वाटला. मग एकदा मामा तापानं आले नाहीत तर तिनं सकाळची चंदी अर्धी तशीच ठेवली. बदली आलेल्या मुलानं तोबरा (चंदीची पिशवी) तिच्या तोंडाला चढवला तर झटकून दिला. मी तिथेच होते, माझ्याकडूनही खाल्लं नाही. त्या दिवशी मला माझी जागा कळली आणि गंमत म्हणजे बरं वाटलं. तिचं घर असलेलं माणूस आधीच आहे. मी पाहुणी, पण आवडती पाहुणी.

तेव्हापासून मी मामांना विचारूनच सगळं करते. कुठल्या पायाचा खूर आधी साफ करायचा, कुठल्या ब्रशला ती कावते. ते मला आधी मॅडम म्हणायचे, आता ताई म्हणतात, आणि चुकले की "ओ ताई, जनावर हाय, बस न्हाय" असं ओरडतात.

बाळूदादा, लगाम ढिला सोडला. चालली! दोन पावलं नाचली, थांबली, कान मागे वळवून माझं ऐकलं आणि सरळ दुडकीत गेली. सरांना मी तुमचं नाव न घेता सांगितलं की पूर्वीची नाचरी आहे, म्हणून बहुतेक तसं करते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि पुढच्या पोराला म्हणाले, "लगाम सोड, ती नाचरी आहे." जणू त्यांनाच सुचलं. असू दे.

चादरीचा_धागा

हे चंदी अर्धी ठेवल्याचं मला पटलं. म्हणजे पेंडीची पाटी समोर असून खाल्लं नाही. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण जरा बाजूला सरकवतो.

हडपसरहून

मालकांशी बोललात का?

कडकभाकरी

हो, परवा. पोरं गेल्यावर, मालक हिशोबाची वही घेऊन बसले होते तेव्हा. सांगलीच्या दादांनी सांगितलं तसंच बोलले. नालबंदाचा आणि दातांच्या डॉक्टरांचा खर्च मी देईन, आणि शेवंती कधी द्यायची ठरली तर आधी मला कळवा.

ते खूप वेळ वहीत बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, तिला द्यायची असती तर मागच्या दिवाळीतच दिली असती. दोघं आले होते मागायला." मग जरा थांबून, "पण पैसे देणार असाल तर द्या, नाही म्हणत नाही." आम्ही दोघंही हसलो. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, सही केली, तारीख टाकली. मी फोटो काढून ठेवलाय. विमा वगैरे नाही हो, हडपसर.

खोगिराखाली पाठीच्या खळग्यात बसेल अशी जाड गादी मामांनी जुन्या घोंगडीची शिवून दिली. डॉक्टर, हे चालेल का? आणि आता ती दुडकीचे धडे घेणार नाही, फक्त लहान पोरांना चालीवर फिरवेल, असं मालकच म्हणाले. म्हणजे मला दुसरी घोडी मिळणार. तांबडी आहे, तरुण आहे, आणि मला तिची भीती वाटते. शेवंतीकडे मी आता फक्त खराऱ्याला जाणार.

आईची_धावपळ

❤️ तांबडीच्या धाग्याची वाट बघते.

निवृत्त_पशुवैद्य

घोंगडीची गादी तात्पुरती चालेल. मात्र दर महिन्याला घामाचा ठसा बघत राहा. गादी दबली की पुन्हा तेच. चिंध्या भरून उंची वाढवू नका, गाठी होतात. दातांसाठी येणारा माणूस घोड्यांचं काम करणारा आहे ना, याची खात्री करा. सगळ्याच पशुवैद्यांकडे त्याची कानस नसते.

आता उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो. खराराही सकाळी लवकर उरकायचा. मामांना हे आकडे भिंतीवर लिहून द्या: स्वस्थ उभ्या घोडीचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. काम नसताना श्वास भात्यासारखा चाललाय आणि अंगाला घामच नाही, तर सावलीत उभी करून अंगभर पाणी ओतत राहा आणि डॉक्टरांना फोन करा. पाणी सतत समोर हवं, दिवसाला २५ लिटर तर सहज, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. मिठाचा खडा चाटायला.

कडब्याऐवजी बारीक कुट्टी, पाण्यात भिजवून. हिरव्या कोवळ्या ज्वारीचा मोह मात्र टाळा, कापणीनंतरच्या फुटव्याचाही. गाई-म्हशींना किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते ते सगळ्यांना माहीत असतं, घोड्याला ज्वारीच्या हिरव्या चाऱ्यानं मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा त्रास होतो हे फारसं कुणाला माहीत नसतं.

कडकभाकरी

लिहून घेतलं सगळं. भिजवलेली कुट्टी आणि कोंडा सकाळी एकदम करून ठेवला तर संध्याकाळी चालेल का? मामांना दोनदा भिजवायला वेळ होत नाही.

हलगीवाला_बाळू

न्हाई ताई. सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंत आंबतंय ते, वास येतोय. आंबलेलं घातलं की पोटशूळ. घोड्याला वांती होत नसती, आत गेलेलं बाहेर काढायचा रस्ताच न्हाई. संध्याकाळचं तुमी भिजवा की, ऑफिस सुटल्यावर.

कडकभाकरी

पाच वाजता सुटतं. साडेपाचला पोचते. भिजायला किती वेळ लागतो?

हलगीवाला_बाळू

अर्धा-पाऊण तास धरा. तवर खरारा करा.